शिवारातले वाटेकरी: दिग्रस परिसरातला शरद

१. आश्विनात झाडे हिरवी कशी?

शाळेच्या इंग्रजी पुस्तकांमुळे शरदाचे एक चित्र मनात बसून गेलेले असते. झाडे तांबडी-पिवळी झाली आहेत, वाटेवर पानांचा सडा पडला आहे आणि घराघरांतून काहीतरी भाजल्याचा वास येतो आहे. दिग्रसहून आर्णीकडे किंवा पुसदकडे जाताना आश्विन महिन्यात टेकड्यांवर पाहावे, तर सागवान पुरता हिरवा असतो. पळस हिरवा, धावडा हिरवा. मग आपल्याकडचा शरद पानगळीचा ऋतू नव्हेच का, असा प्रश्न मुले विचारतात आणि मोठ्यांना नीट उत्तर देता येत नाही.

उत्तर पानाच्या कामात आहे. पान सूर्याचा उजेड, हवा आणि मुळांकडून येणारे पाणी घेऊन झाडाचे अन्न तयार करते, पण हे करताना ते पाणी हवेत सोडतही असते. थंड देशांत ऑक्टोबरात दिवस लहान होतात, उजेड मंदावतो आणि पुढे जमिनीतले पाणी गोठते. पान ठेवण्यात तोटाच असतो. गिऱ्हाईक थांबले की दुकानदार दिवे मालवून फळ्या लावतो, तसे झाड पाने टाकून देते. दिग्रसला ऑक्टोबरात नेमके उलटे असते. जून ते सप्टेंबर सरासरी नऊशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडून गेलेला असतो, काळी जमीन ते पाणी धरून असते आणि ढग हटल्याने ऊन भरपूर मिळते. झाडाच्या दृष्टीने हा कमाईचा काळ आहे. पाणी संपते ते माघ-फाल्गुनात. सागवान तेव्हा उघडा पडतो आणि पळस पाने टाकून फुलतो. म्हणजे पानगळ आपल्याकडेही आहे. ती थंडीने न होता तहानेने होते, आणि त्यामुळे तीन-चार महिने उशिरा येते.

ढग गेल्याचे आणखी दोन परिणाम पुढे कामाला येणार आहेत. दिवसा मोकळ्या आभाळातून ऊन थेट पडते, ओल्या जमिनीतून वाफ उठते आणि अंगाची लाही होते. हीच ऑक्टोबर हीट. रात्री मात्र तेच मोकळे आभाळ जमिनीची उष्णता निघून जाऊ देते. ढगांचे पांघरूण नसल्याने पहाटेपर्यंत पाने हवेपेक्षाही थंड होतात आणि हवेतली वाफ त्यांच्यावर दव होऊन बसते. दिवसा घाम आणि पहाटे दव, अशी ही जोडी मोसमी पाऊस ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात विदर्भातून परतला की सुरू होते.

२. वाडा आणि चोपन्न एकर

दिग्रस हे यवतमाळ जिल्ह्याच्या पश्चिम भागातले, धावंडा नदीकाठचे तालुक्याचे गाव. उत्तरेला दारव्हा, दक्षिणेला पुसद, पश्चिमेला वाशीम जिल्ह्यातला मानोरा तालुका. जमीन बेसाल्टची आहे: माथ्यावर मुरूम आणि सागवान, उतारावर हलकी जमीन, खोलगटात काळीभोर कसदार माती. जवळच अरुणावती नदीवर मातीचे मोठे धरण आहे. नदी पुढे पैनगंगेला मिळते.

इंग्रजी कादंबऱ्यांतल्या जहागिरीसारखे काही इथे शोधायला गेल्यास वाडा सापडतो, पण त्याची घडण वेगळी आहे. नागपूर, भंडाऱ्याकडे गावचे गाव एका मालगुजाराच्या ताब्यात असे. वऱ्हाड मात्र १८५३ पर्यंत निजामाच्या थेट अमलाखाली होता आणि नंतर इंग्रजांच्या कारभारात आला. त्यांनी इथे रयतवारी पद्धत लावली. सारा प्रत्येक खातेदाराने स्वतःच्या नावावर भरायचा. त्यामुळे देशमुख, पाटील घराण्यांकडे मोठ्या जमिनी राहिल्या, तरी शेजारीच लहान खातेदारही उभा राहिला. स्वातंत्र्यानंतर १९६१ चा कमाल जमीनधारणा कायदा आला. १९७५ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने कोरडवाहू जमिनीची कमाल मर्यादा एका कुटुंबाला ५४ एकरांवर आली. आज दिग्रसच्या बाजूला मोठा शेतकरी म्हणतात तो या मर्यादेच्या आतला.

जुन्या वाड्याची मांडणी पिकानेच ठरवलेली असे. माळवदाची जाड मातीची छपरे, अंगणात गोठा, आत धान्याची बळदे आणि ज्वारी साठवायला जमिनीत खोदलेले पेव. गोठ्याशेजारी कडबा आणि कुटार यांची गंजी. वर्षभराच्या कामाला सालदार. त्याचा करार गुढीपाडव्याला होतो आणि शरदात त्याच्या मागे सर्वांत जास्त काम असते. या मांडणीतले पेव आता जवळपास बुजले, गोठे अर्धे रिकामे झाले. का, ते पुढच्या भागात येते, आणि त्याचा धागा थेट चुलीपर्यंत जातो.

३. ज्वारी गेली, सोयाबीन आले

साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या दिग्रसच्या शिवारात आश्विनात दोनच रंग दिसले असते: कापसाची पऱ्हाटी आणि पुरुषभर उंचीची देशी ज्वारी. ज्वारी दिवाळीनंतर पक्की होई. तिचा दाणा माणसाला, कडबा गुरांना आणि काही वाटा पाखरांना. पाखरे हाकायला माळ्यावर बसून गोफण फिरवणे हे पोरासोरांचे शरदातले ठरलेले काम होते.

१९६४ मध्ये सीएसएच-१ हे ज्वारीचे पहिले संकरित वाण आले. पुसदजवळच्या गहुलीचे वसंतराव नाईक तेव्हा नुकतेच मुख्यमंत्री झाले होते. १९६३ ते १९७५ या त्यांच्या कारकिर्दीत संकरित ज्वारीचा प्रसार मोठ्या जोमाने झाला. उत्पन्न वाढले, यात शंका नाही. पण हे वाण बुटके होते, म्हणून कडबा कमी मिळाला. आणि लवकर पिकणारे होते, म्हणून परतीचा पाऊस नेमका भरल्या कणसावर पडे आणि दाणा बुरशीने काळा होई. काळी ज्वारी बाजारात कोण घेणार? ज्वारीची जागा पुढे सोयाबीनने घेतली, त्याची ही एक वाट.

सोयाबीनचे गणित सोपे आहे. जूनअखेर पेरले की ९५ ते ११० दिवसांत हाती येते, म्हणजे दसऱ्याच्या आगेमागे, आणि दिवाळीला पैसा मिळतो. दोष एकच: शेंगा पूर्ण वाळल्या की उन्हात तडकून दाणे मातीत सांडतात. त्यामुळे सोंगणीला थांबता येत नाही. सगळ्या शिवाराची सोंगणी एकाच पंधरवड्यात येते, मजूर मिळेनासे होतात, रात्री दिवे लावून थ्रेशर चालतात. एखादा अवकाळी ढग दिसला की गंजीवर ताडपत्री ओढायला घरातले सगळे धावतात.

घाईत विकलेल्या मालातून वजन का कापले जाते, हे एका हिशेबाने कळते. हमीभावाच्या खरेदीत सोयाबीनचा ओलावा १२ टक्के धरतात. समजा, शेतकऱ्याने १०० किलो सोयाबीन नेले आणि त्यात १८ टक्के ओलावा निघाला. म्हणजे त्यात १८ किलो पाणी आणि ८२ किलो कोरडा माल आहे. हाच माल १२ टक्क्यांपर्यंत वाळवला, तर ८२ किलो म्हणजे एकूण वजनाचे ८८ टक्के झाले. ८२ भागिले ०.८८ केले की सुमारे ९३ किलो येतात. जवळपास ७ किलो पाणीच होते. अंगणात दोन दिवस पसरवून ठेवायला जागा आणि उसंत ज्याला आहे, त्याचे भांडण मापावर होत नाही. ज्याला नाही, तो पडेल त्या भावात विकतो.

सोयाबीन गेल्यावर शेतात उरते ती पऱ्हाटी आणि तूर. कापसाच्या पहिल्या वेचणीआधी घरची बाई शेतात सीतादही करते. दहीभाताचा नैवेद्य दाखवून झाडाला कापसाचा धागा गुंडाळते. मग वेचणाऱ्या बायांच्या कमरेला ओटी बांधली जाते. बोंडे एकदम फुटत नाहीत, त्यामुळे वेचणी तीन-चार वेळा करावी लागते. मजुरी किलोवर. सकाळी दव असताना वेचलेला कापूस वजनाला भरतो खरा, पण त्याला पाचोळ्याचा कचरा चिकटतो आणि ढिगात तो पिवळा पडतो. म्हणून चांगला शेतकरी ऊन वर येऊन दव उडाल्याशिवाय वेचणी सुरू करू देत नाही.

४. रोही आणि रानडुक्कर आत्ताच का येतात?

दिवाळीच्या सुमारास दिग्रसच्या पारावर हवामानाखालोखाल बोलणे असते ते जनावरांचे. जंगल तर वर्षभर तिथेच आहे, मग त्रास याच दिवसांत का वाढतो?

पहिले कारण चाऱ्याचे. पावसाळ्यात टेकडीवर कोवळे गवत असते. आश्विनात ते फुलोऱ्यावर येते, देठ कडक होतात आणि पोषण बियांत जाते. त्याच वेळी खाली शेतात कापसाची फुले व हिरवी बोंडे, फुलोऱ्याला येणारी तूर आणि नुकताच उगवू लागलेला हरभरा असतो. सर्वांत सकस खाणे टेकडीवरून शेतात उतरलेले असते, मग जनावरही उतरते.

दुसरे कारण आडोशाचे, आणि ते फारसे कोणाच्या ध्यानात येत नाही. सोयाबीन उभे असते तेव्हा जनावरे सगळ्या शिवारात पांगलेली असतात. सोंगणी झाली की पंधरा दिवसांत अर्धे रान उघडे पडते. दिवसा लपायला राहते ती माणसाच्या छातीएवढी पऱ्हाटी आणि तूर. विखुरलेली डुकरे उरलेल्या पट्ट्यांत गोळा होतात आणि ज्याची तूर दाट, त्याचे नुकसान जास्त होते.

रोही, म्हणजे नीलगाय, गाय नव्हे आणि घोडाही नव्हे. काळवीट ज्या कुरंगांच्या गटातला, त्या गटातली ती भारतातली सर्वांत मोठी जात आहे. नर करड्या-निळ्या रंगाचा, आखूड शिंगांचा, २०० किलोच्या पुढचा. मादी तांबूस आणि बिनशिंगांची. लेंड्या टाकायला रोह्यांची ठरलेली जागा असते. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, लेंड्यांचा मोठा ढीग दिसला की कळप तिथून नेमाने जातो, हे जाणता सालदार ओळखतो. नावात गाय असल्याने पूर्वीपासून लोक त्याच्यावर हत्यार उचलत नाहीत. रानडुकराला असे कवच नाही, पण त्याला नाक आहे. पेरलेला हरभरा उगवण्याआधीच ते ओळीने उकरून खाते. रोही पीक खातो, डुक्कर खाते त्याहून जास्त तुडवते.

राखणीच्या तऱ्हा पुष्कळ. माळ्यावर रात्रभर जागली करणे ही जुनी. धुऱ्याभोवती जुन्या साड्या बांधणे ही अलीकडची, आणि ओसाड रस्त्यावरून जाणाऱ्या परक्या माणसाला चमत्कारिक वाटणारी. रंगीत कापड वाऱ्यावर हलले की जनावर बिचकते. काही दिवसांनी त्याला कळते की या कापडाने कोणाचे काही बिघडत नाही, आणि ते खालून वाकून आत येते. बुजगावण्याचे, फटाक्यांचे, ध्वनिक्षेपकावर लावलेल्या कुत्र्याच्या भुंकण्याचेही असेच होते. इजा न करणारी भीती टिकत नाही.

म्हणून सौर कुंपण, बोलीभाषेत झटका मशीन, लोकप्रिय झाले. या तारेत वीज सतत वाहत नाही. सुमारे सेकंदाला एकदा, अगदी क्षणभराचा धक्का तारेत सोडला जातो. दाब मोठा, पण वेळ इतका थोडा की जनावर दचकून मागे होते, चिकटून राहत नाही. घरच्या २३० व्होल्टच्या लाइनवर थेट आकडा टाकून तारेत वीज सोडणे ही पूर्णपणे वेगळी गोष्ट आहे. ती वीज सतत वाहते, स्नायू आखडतात आणि सुटका होत नाही. अशा तारांनी विदर्भात वाघ मेले आहेत, आणि रात्री पाणी द्यायला निघालेली माणसेही. दोन्हींना गावात ‘करंट’ हा एकच शब्द वापरतात, हे फार घातक आहे. पहिली पद्धत राखणीची आहे, दुसरी गुन्ह्याची.

वाघाचा विषय निघालाच आहे, तर तोही याच ऋतूशी बांधलेला आहे. जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, पांढरकवड्याजवळ, १४८ चौरस किलोमीटरचे टिपेश्वर अभयारण्य आहे; दक्षिणेला उमरखेडच्या बाजूला पैनगंगा अभयारण्य. मध्ये सगळी शेती. टिपेश्वरात जन्मलेला, गळ्यात रेडिओ कॉलर घातलेला एक तरुण नर जून २०१९ मध्ये बाहेर पडला आणि तेलंगण, मराठवाडा आणि विदर्भातून भटकत डिसेंबरात बुलढाणा जिल्ह्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. पुढच्या काही महिन्यांतले फिरणे धरून त्याची वाटचाल ३,००० किलोमीटरच्या वर गेली. एवढा मोठा प्राणी वस्तीच्या मुलखातून सहसा न दिसता कसा गेला? उभी तूर-पऱ्हाटी आणि नदीनाल्यांची झुडुपे यांनी त्याला आडोसा दिला, आणि त्याच पिकात शिरलेल्या रोही-डुकरांनी खाणे.

याची दुसरी बाजू राळेगाव-पांढरकवडा भागाने भोगली. तेथील ‘टी-१’ वाघिणीने, वर्तमानपत्रांतल्या ‘अवनी’ने, १३ माणसे मारल्याचे सांगितले जाई. २ नोव्हेंबर २०१८ रोजी तिला गोळी घालण्यात आली. तारीख ऐन वेचणीतली आहे. वाकून कापूस वेचणारी बाई मागून चौपाया जनावरासारखी दिसते, आणि पऱ्हाटीत दहा पावलांपलीकडचे दिसत नाही. वाघाच्या भागात गटाने, बोलत-गात वेचण्याचा सल्ला त्यामुळेच दिला जातो.

५. कापलेल्या रानावरचे पाहुणे

दसऱ्याला नीळकंठ दिसणे शुभ मानतात. त्या दिवशी तो दिसतोही सहज, कारण सोंगलेल्या रानात टोळ आणि नाकतोडे उघडे पडतात आणि विजेच्या तारेवर बसून त्यांच्यावर झडप घालणे त्याला सोपे जाते. धोबी पक्षी सप्टेंबरातच उत्तरेकडून आलेले असतात. भोवत्या नावाचे लांब पंखांचे शिकारी पक्षी पिकाच्या शेंड्यांवरून अगदी खालून तरंगत जातात आणि संध्याकाळी गवतात जमिनीवरच मुक्काम करतात. माळराने नांगरली गेली, तसे त्यांचे मुक्काम हलले. वाशीम जिल्ह्यातले कारंजा-सोहोळचे छोटे काळवीट अभयारण्य अशा गवताळ जागांचे उरलेले उदाहरण आहे.

भोरड्यांचे, म्हणजे गुलाबी मैनांचे, थवे मध्य आशियातून ऑगस्टपासूनच येऊ लागतात. ज्वारीच्या काळात त्यांच्याइतका वैरी दुसरा नव्हता. हजारोंचा थवा कणसांवर उतरला की गोफणीचे हात दुखून येत. सोयाबीनची शेंग पाखराला फोडता येत नाही. ज्वारी गेली आणि गोफणही गेली. पाखराचा वाटा संपला, डुकराचा वाढला. पीकबदलाचा हा परिणाम कोणत्याही सरकारी तक्त्यात येत नाही.

धरणावर वेगळी गर्दी असते. विदर्भातल्या मोठ्या जलाशयांवर ऑक्टोबरअखेरपासून तलवार बदके, थापट्या, चक्रवाक उतरतात. त्यानंतर येतात पट्टकादंब, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले हंसाच्या जातीचे पक्षी. ते तिबेट, मंगोलियाकडून हिमालय ओलांडून येतात. एवढ्या उंचीवर हवा विरळ असते, माणसाला चालतानाही धाप लागते. पट्टकादंबाच्या रक्तातले लाल द्रव्य प्राणवायूला इतर पक्ष्यांपेक्षा घट्ट पकडते, फुप्फुसेही मोठी असतात. म्हणून पंख मारत राहण्याइतका श्वास त्याला पुरतो.

गंज्यांभोवती रात्रीचा व्यवहार चालतो. सांडलेल्या दाण्यांवर उंदीर, उंदरांवर गव्हाणी घुबड आणि घोणस. घोणस अंडी न घालता पिले देते. तिचा रंग वाळलेल्या पाल्यात मिसळून जातो आणि ती पळण्याऐवजी जागच्या जागी फूत्कारते. विळ्याने सोंगणी करणारा हात नेमका तिच्या पातळीवर असतो. गमबूट, हातात काठी आणि गंजी उचलण्याआधी ती हलवून पाहणे एवढी काळजी बरेच अपघात टाळते. दंश झालाच, तर मांत्रिकाकडे घालवलेला वेळ जीव घेतो. सरकारी रुग्णालयात मिळणारे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषांवर चालते.

पक्षी-किड्यांच्या या साखळीत फवारणी येते, तिचे नाव यवतमाळात जपूनच काढावे लागते. २०१७ च्या हंगामात कापसावर फवारताना जिल्ह्यात विषबाधेने २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. पीक डोक्याएवढे वाढले होते, औषध वरच्या दिशेने मारावे लागत होते, हवा दमट होती आणि तोंडाला बहुतेकांच्या फडकेच होते. त्याच वर्षी, बोंडअळीपासून वाचावा म्हणून लावलेला बीटी कापूसही गुलाबी बोंडअळीने पोखरला.

६. तांड्यावरची दिवाळी

दिग्रस, पुसद, मानोरा हा बंजारा वस्तीचा पट्टा. संत सेवालाल महाराजांच्या समाधीचे पोहरादेवी मानोरा तालुक्यातच आहे. तांड्यावरच्या दिवाळीत अमावास्येच्या रात्री अविवाहित मुली हाती दिवा घेऊन घरोघरी ‘मेरा’ करतात, थोरांना शुभेच्छा देतात. दुसऱ्या दिवशी त्या गाणी म्हणत रानात फुले आणायला जातात आणि शेणाच्या गोधनावर ती वाहतात. या दिवसांत धुऱ्यांवर कुर्डूचे गुलाबी-पांढरे तुरे आणि तरवडाची पिवळी फुले भरपूर असतात. तणनाशकाने धुरे साफ ठेवण्याची पद्धत वाढल्यापासून मुलींना फुलांसाठी लांब जावे लागणार, हे उघड आहे.

गावातही पाडव्याला गायगोधनाचा मान असतो. गुरे रंगवतात, ओवाळतात. मुली म्हणतात ती भुलाबाईची गाणी त्याआधी कोजागरीला संपलेली असतात. तिच्यासाठी ज्वारीच्या धांड्यांचा मांडव लागतो. पाच धांडे मिळवायला आता बऱ्याच गावांत शेजारच्या शिवारात विचारावे लागते.

७. भट्टी आणि गोवरी

शरदातले भाजणे दोन ठिकाणी चालते: गावातल्या बेकरीत आणि शेतात गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर.

बेकरीतले भाजणे म्हणजे दिवाळीची नानकटाई. घरी मैदा, थोडे बेसन किंवा रवा, पिठीसाखर, डालडा किंवा तूप, वेलची आणि चिमूटभर सोडा एवढे मळून डबा भरायचा आणि तालुक्याच्या गावातल्या भट्टीवर नेऊन किलोच्या दराने भाजून आणायचे, ही पद्धत घरोघरी ओव्हन आल्यावरही पुरती गेलेली नाही. भट्टीवाला घरच्या नानकटाईचे पत्रे पावाचा घाणा निघाल्यावर आत सारतो. पावाला २२० अंश सेल्सियसच्या पुढची आच लागते, नानकटाईला १६० ते १८०. विटांची जाड भट्टी एकदा तापली की तासन्‌तास हळूहळू निवत जाते. उतरत्या आचेतच नानकटाई रंग न जाळता आतपर्यंत कोरडी होते.

ती खुसखुशीत का होते? गव्हाच्या पिठात पाणी घालून मळले की त्यातली प्रथिने एकमेकांत गुंतून चिवट जाळी बनवतात. पोळी ताणली जाते ती या जाळीमुळे. नानकटाईत पाणी घालत नाहीत आणि पीठ तुपात आधीच चोळलेले असते. तुपाचा थर प्रथिनांना जुळू देत नाही. गरम झाल्यावर सोड्यातून वायू सुटतो आणि गोळा फुगतो. तोवर वरचा थर वाळलेला असतो, म्हणून तो भेगाळतो. भेगा न पडलेली नानकटाई बहुधा मळताना पाणी किंवा दूध जास्त झालेली असते.

शेतातले भाजणे याहून जुने आहे आणि त्याला लोखंडाचा पत्राही लागत नाही. वऱ्हाडात पानगे आणि रोडगे ही सोंगणी आटोपल्यावर, देवाला नैवेद्य दाखवताना किंवा पाहुणे आले की शेतात करायची गोष्ट. जाडसर दळलेली कणीक, मीठ, ओवा, तेलाचे मोहन. पानगा म्हणजे या कणकेची जाड चपटी भाकर, वरखाली पळसाची पाने लावून गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर भाजलेली. रोडगा गोल असतो आणि त्याच्या पोटात थर असतात: लहान गोळ्याला तेल लावून त्यावर एक पारी, पुन्हा तेल, पुन्हा पारी. सोबत वरण आणि वांग्याची तर्रीदार भाजी.

यात तीन युक्त्या आहेत. पहिली गोवरीची. शेणात न पचलेल्या चाऱ्याचे तंतू असतात, ते सावकाश जळतात, आणि राख भरपूर निघते. राख निखाऱ्यावर बसली की त्याला हवा कमी मिळते, ज्वाळा उठत नाही आणि एकसारखी मंद आच बराच वेळ टिकते. म्हणून गोवऱ्यांचा धूर पूर्ण थांबेपर्यंत जाणता माणूस कणकेला हात लावत नाही. लाकडावर हे जमत नाही. लाकूड भडकते आणि लवकर विझते.

दुसरी युक्ती पळसाच्या पानाची. हिरव्या पानात पाणी असते. ते वाफ होऊन जाईपर्यंत पानाखालची कणीक शंभर अंशांच्या फार वर जात नाही. ती आधी वाफेवर शिजते. पान वाळून काळे पडले की मग पृष्ठभाग खरपूस होतो. राखही कणकेला लागत नाही. शरदात पळस हिरवागार असतो, हे इथे उपयोगी पडते. फाल्गुनात पानग्यासाठी पान शोधावे लागेल.

तिसरी थरांची, आणि तिच्यामागे एक हिशेब आहे. भाजताना उष्णता बाहेरून आत झिरपते, आणि मधोमध पोहोचायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाने वाढतो. जाडी दुप्पट केली तर वेळ दुप्पट न लागता चौपट लागतो. दोन सेंटिमीटर जाडीचा पानगा १५ मिनिटांत होत असेल, तर चार सेंटिमीटर जाडीच्या पानग्याला तासाभराची तयारी हवी. नवशिक्याचा रोडगा बाहेरून कोळसा आणि आतून कच्चा निघतो तो याच कारणाने: त्याने गोळा मोठा केलेला असतो आणि वेळ तेवढाच दिलेला असतो. थरांमधल्या तेलाने गोळा आतून चिकटून एकसंध होत नाही. चांगला रोडगा दाबला की थर सुटे होतात, वाफ बाहेर पडते आणि आतला गाभाही शिजलेला असतो. वरून तुपाची धार सोडतात ती या थरांत मुरते.

हा गहू मात्र शरदातला नसतो. तो मागच्या रब्बीत, मार्चच्या सुमारास निघालेला. शिवारात आत्ता ढिगाने पडलेले सोयाबीन तेलाच्या कारखान्याकडे जाते आणि कापूस जिनिंगला. आश्विनात निघणाऱ्या नव्या पिकातले घरच्या चुलीवर जवळजवळ काहीच येत नाही. ज्वारीच्या काळी निदान नव्या दाण्याची वाट तरी पाहता येत होती. ज्वारी गेली तसा कडबा गेला, ट्रॅक्टर आला तशा बैलजोड्या कमी झाल्या, आणि गोठा रिकामा झाला की गोवऱ्याही संपल्या. पावसाळ्यात गोवरी वाळत नाही. आश्विनात ऊन पडल्यावर वाड्यामागच्या भिंतीवर गोवऱ्या थापायला पुन्हा सुरुवात होत असे. आता रोडग्यांचा बेत ठरला की त्या विकत आणतात.

चातुर्मासात वांगे, कांदा, लसूण वर्ज्य मानणारी घरे अजून आहेत. त्यांच्याकडे वांग्याची वाट मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीला, चंपाषष्ठीला, मोकळी होते. त्या दिवशी खंडोबाला वांग्याचे भरीत आणि रोडगा यांचा नैवेद्य असतो. तोवर कापसाच्या एक-दोन वेचण्या आटोपलेल्या असतात, तुरीच्या शेंगा भरू लागतात आणि राखणदाराचा माळा पऱ्हाटीच्या धुऱ्यावरून हरभऱ्याच्या वावरात हलवला जातो.